स्वस्तात मड टेरेन टायर : काळी माती, सातपुडा आणि जुनी फोर बाय फोर

केळीबाग_यावल
राम राम मंडळी. जुनी बोलेरो फोर बाय फोर, १५ इंची लोखंडी डिस्क (रिम), टायर २१५/७५ आर १५. चारही गोटा झालेत. वर्षाला साधारण १२,००० किमी. त्यातलं तीन चतुर्थांश डांबरी, म्हणजे यावल, भुसावळ, जळगाव. उरलेलं शेतरस्ता, आणि पावसाळ्यात केळीच्या मळ्यापर्यंतची पाणंद. तिथे जुलै ते सप्टेंबर नुसता चिखलगारा असतो. अधूनमधून पाल आणि धडगावकडचे घाट.

विचारायचं असं की मड टेरेन (चिखलाचे) टायर घ्यावेत की ऑल टेरेनवर (डांबर आणि कच्चा, दोन्हीला चालणारे) भागेल? २३५/७५ बसेल का? रिमोल्ड केलेले किंवा वापरलेले घेतले तर चालतात का? बजेट मोजकं आहे.

सातपुडा_फोरबायफोर
भाऊ, ब्रँडचं नंतर बघू. आधी कुठल्या मातीत चालवणार ते पक्कं करा, कारण आपल्याकडे दोन अगदी वेगळ्या जमिनी आहेत.

तापीकाठची काळी खूप खोल आहे. पाणी पिऊन फुगते आणि खाली टणक थर लवकर लागत नाही. ती सगळ्यात वाईट चिकटते कधी? पूर्ण चिखल असताना नव्हे. पाऊस उघडला आणि अजून वाफसा आलेला नाही, त्या मधल्या दिवसांत. तेव्हा ती टायरच्या रबरी ठोकळ्यांच्या फटीत बसते, दाबली जाते आणि चाकाच्या दोन फेऱ्यांत टायर गुळगुळीत होतो. हायवे टायरच्या फटी अरुंद असतात, त्यात बसलेली माती निघतच नाही. मड टायरच्या फटी रुंद आणि खोल. नव्या टायरला १३ ते १६ मिमी खोली मिळते, हायवे टायरला ८-९. शिवाय फटीच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, ते दगड-माती बाहेर ढकलतात. तरी माती फेकली जायला चाक थोडं जोरात फिरावं लागतं. लो रेंज (फोर बाय फोरची हळू, जास्त ताकदीची गिअरिंग) पहिल्या गिअरमध्ये कूर्मगतीने गेलात तर मड टायरसुद्धा भरून जातो. लो रेंज दुसरा किंवा तिसरा, आणि गती मोडू द्यायची नाही.

सातपुड्यात वेगळं. तोरणमाळ, चांदसैली, पालकडे वर मुरूम आणि पातळ माती, खाली काळा दगड. तिथे चिखल खोल नसतो, टायर खालच्या दगडापर्यंत पोचतो. म्हणून अरुंद टायर चांगला चालतो. भीती असते ती साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, फाटण्याची. तिथे ठोकळ्यांपेक्षा साइडवॉलचे थर जास्त महत्त्वाचे.

तुमचा खरा प्रश्न पाणंदीचा आहे. त्यासाठी मड टायर लागेल, ऑल टेरेन अर्धा वेळ साथ देईल. पण तीन महिन्यांच्या पाणंदीसाठी वर्षभर डांबरावर मड टायर झिजवायचे का, हे ठरवा.

गिरणाथडी
मी ऑल टेरेनच्या बाजूचा. जिल्ह्यातले बहुतेक फोर बाय फोरवाले ९० टक्के डांबर आणि १० टक्के शेत करतात. मड टायर ओल्या डांबरावर ब्रेक लावताना लांब घसरतो, कारण रबराचा रस्त्याला टेकणारा भाग कमी आणि ठोकळ्यांवर बारीक काप जवळजवळ नसतात. ६० च्या वर घरघर सुरू होते आणि टायर झिजतो तशी ती वाढते. डिझेलही जास्त जातं. आणि कोरड्या वाळूत, म्हणजे गिरणेच्या किंवा तापीच्या पात्रात, मड टायर खणत जातो. तिथे ऑल टेरेन हवा उतरवून जास्त चांगला तरंगतो.

आपल्याकडे मिळणाऱ्यांत एमआरएफ वाँडरर, सीएट झार आणि अपोलो अप्टेरा, तिघांतही एटी प्रकार आहे. कुठलाही घेताना साइडवॉलवर ए/टी लिहिलंय ना, ते बघून घ्या. याच नावांत एच/टी, म्हणजे हायवे टायर, पण येतात आणि दुकानदार नुसतं नाव सांगतो.

टायरगणित
साइजचं आकड्यांत सांगतो.

२१५/७५ आर १५ म्हणजे रुंदी २१५ मिमी, साइडवॉलची उंची तिच्या ७५ टक्के = १६१ मिमी. दोन्ही बाजू मिळून ३२२.५, अधिक रिम ३८१, एकूण व्यास ७०३.५ मिमी.
२३५/७५ आर १५ चा व्यास ७३३.५ मिमी.

फरक ३० मिमी, म्हणजे सव्वाचार टक्के. गाडी १५ मिमी उंच होईल. स्पीडोमीटरवर ६० दिसेल तेव्हा खरा वेग साडेबासष्ट असेल. गिअरिंग तेवढंच लांब होतं, भरलेली गाडी चढावर जरा सुस्त वाटेल. १५ इंची रिमला किमान ६ इंच रुंदी हवी. डिस्कच्या आतल्या बाजूला ६जे किंवा ६जेके असं कोरलेलं असतं, घासून वाचा. साडेपाच इंची डिस्कवर २३५ चढवू नका. मध्यभाग फुगतो, कडा टेकत नाहीत आणि टायर मधोमध झिजतो.

बसवून झाल्यावर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघायचं. पुढच्या मडगार्डची आतली कड आणि बंपरचं मागचं टोक, घासलं तर इथेच घासतं. सपाट जागेवर घासलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. एक पुढचं चाक विटांवर चढवून परत वळवा.

दुसरं, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. कंपनीने तुमच्याच मॉडेलच्या एखाद्या प्रकाराला दिलेल्या साइजमध्ये राहिलात तर पासिंगला आणि विम्याला कटकट नाही. पुस्तिकेत किंवा दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर साइज असतात.

माझं मत : २१५ मध्ये मड टायर मिळाला तर २१५ च घ्या. टायर स्वस्त आणि गिअरिंग जसंच्या तसं.

थार_धुळे
इथेच विचारून घेतो. नव्या थारला १६ इंचात काय बघायचं? आणि मित्राच्या जिम्नीला?

टायरगणित
२०२० नंतरच्या थारला दोन साइज येतात : २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८. मड टायरसाठी १६ इंची डिस्क सोयीची. टायर स्वस्त पडतो आणि साइडवॉल उंच असल्यामुळे हवा उतरवायला वाव मिळतो. १८ इंचीचा मड टायर महाग, शिवाय साइडवॉल १६६ मिमी. १६ इंचीची १८४ मिमी आहे.

जिम्नीला कंपनीचा १९५/८० आर १५, व्यास ६९३. त्याच डिस्कवर २१५/७५ आर १५ बसतो, फरक दीड टक्क्याच्या आसपास. तरी वरचं पासिंगचं कलम तिलाही लागू आहे, हे मित्राला सांगा.

काळीभोर_चोपडा
मूळ प्रश्नाकडे येतो. सातपुडाभाऊंनी जे विचारलं त्याचं उत्तर दोन संच. जुन्या बाजारात लोखंडी डिस्क घ्यायच्या, त्यावर मड टायर चढवून ठेवायचे. जून अखेरीला लावायचे, ऑक्टोबरात काढायचे. बाकी वर्षभर साधे हायवे टायर.

हिशेब मांडतो. आकडे समजुतीचे आहेत, तुमच्या दुकानाचे भाव घालून परत करा.

समजा मड टायर ९,५०० चा आणि आयुष्य ४०,००० किमी. चार टायरचे ३८,०००, म्हणजे किलोमीटरला ९५ पैसे. वर्षाला १२,००० किमी धरले तर ११,४०० रुपये.

दोन संच ठेवले तर ९,००० किमी हायवे टायरवर. समजा ६,००० चा टायर, आयुष्य ६०,००० किमी, म्हणजे ४० पैसे, वर्षाला ३,६००. मड टायर वर्षाला फक्त ३,००० किमी. झिजेच्या हिशेबाने ते तेरा वर्षं पुरतील, पण रबर तेवढं टिकत नाही. सहा वर्षांनी कडक होतं, फटीच्या तळाशी चिरा पडतात. म्हणून ३८,००० भागिले ६, वर्षाला ६,३३३ धरा. एकूण ९,९३३.

नुसत्या टायरमध्ये वर्षाला दीड हजाराच्या आत वाचतात, त्यातून डिस्कचा खर्च जायचा. खरी बचत डिझेलची. गाडी १२ देते आणि मड टायरवर ११ देते असं धरा. ९,००० किमीला ७५० लिटरऐवजी ८१८ लिटर. ६८ लिटर जास्त, लिटर ९० रुपयांनी धरला तर ६,१०० रुपये, दरवर्षी. शिवाय आठ-नऊ महिने गाडी शांत, ब्रेक चांगला.

वर्षाला पाच-सहा हजार किमीच चालणाऱ्या गाडीला मात्र हा खटाटोप परवडत नाही. तिथे एकच ऑल टेरेन संच बरा.

केळीबाग_यावल
हिशेब पटला. डिझेलचं असं मांडून कधी पाहिलं नव्हतं. मग दुसऱ्या संचासाठी रिमोल्ड किंवा वापरलेले चालतील का? पावसाळ्यात हळूच तर चालवायचे आहेत.

रबरपारखी
रिमोल्ड : नुसत्या शेतापुरते, ४० च्या आत, पावसाळ्यात, तर चालवता येतात. डांबरावर वेगात नाही. कारण नीट समजून घ्या. जुन्या सांगाड्यावर नवा ट्रेड, म्हणजे रस्त्याला टेकणारा ठोकळ्यांचा थर, चिकटवलेला असतो. मड पॅटर्नचा ट्रेड जाड आणि जड, धावताना तापतो तोच मुळी जोडाच्या जागी. त्यात तुम्ही चिखलासाठी हवा उतरवता, साइडवॉल जास्त वाकते, उष्णता आणखी वाढते. आपल्या मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ ला टेकतो, डांबर त्याहून तापलेलं. अशा वेळी जोड सुटतो आणि ट्रेडचा पट्टा मडगार्ड, ब्रेकची नळी, जे समोर येईल ते फोडत जातो. पुढच्या चाकांना रिमोल्ड कधीच नाही.

वापरलेले : चालतील, पण दुकानात गाडीवर चढवलेले बघून घेऊ नका. टायर डिस्कवरून उतरवलेला, पुसलेला, उजेडात बघा.

आधी साइडवॉलवरचा तारखेचा चार आकडी कोड. २३२२ म्हणजे २०२२ चा तेविसावा आठवडा. कोड एकाच बाजूला असतो, आतल्या बाजूला गेला असेल तर टायर उलटा करून वाचा. चार वर्षांपेक्षा जुना असेल तर कितीही ट्रेड असो, सोडा.

मग आत हात फिरवा. पॅच कितीही असोत, साइडवॉलच्या आतल्या भागावर पॅच असेल तर परत द्या. आतल्या बाजूने काळी भुकटी पडलेली किंवा गोल पट्टा घासलेला दिसला तर तो टायर हवा नसताना पळवलेला आहे. आतले दोरे तुटलेले असतात, बाहेरून कळत नाही.

डिस्कवर बसणारी तारेची कड बघा. टायर काढताना पहारीने फाटलेली असेल तर हवा धरणार नाही.

शेवटी ठोकळे अंगठ्याने वाकवून तळ बघा. चीर दिसली की नाही घ्यायचा. खोली मोजायचं साधं मापक स्वस्तात मिळतं, घेऊन जा. कायद्याची किमान खोली १.६ मिमी आहे, पण काळ्या मातीत ६ मिमीच्या खाली मड टायरचा मड टायरपणा संपलेला असतो. म्हणून वापरलेला घेताना १० मिमी तरी हवेत.

आणि चारही एकाच कंपनीचे, एकाच पॅटर्नचे, सारख्या झिजेचे. फोर बाय फोर लावली की पुढचे-मागचे शाफ्ट एका गतीने बांधले जातात. पुढे १२ मिमी आणि मागे ६ मिमी ट्रेड असेल तर व्यासात १२ मिमीचा फरक, म्हणजे दीड टक्क्याहून जास्त. चिखलात चाक घसरून तो ताण सुटतो. कडक जमिनीवर तो सरळ ट्रान्सफर केसमध्ये (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीत) जातो, गिअर अडकतो, लिव्हर निघत नाही. मागे दोनच मड टायर लावून पैसे वाचवायचा विचार याच कारणासाठी सोडून द्या.

गिरणाथडी
नवे घेणाऱ्यांनी दोन गोष्टी बघा. टायरवर आयएसआय शिक्का सक्तीचा आहे. शिक्का नसलेला आयात टायर कितीही स्वस्त मिळाला तरी नको. जून २०२० पासून टायरच्या आयातीवर निर्बंध आले, त्यामुळे स्वस्त परदेशी मड टायर म्हणून जे समोर ठेवतात त्यात जुना पडून राहिलेला माल असू शकतो. तारीख बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

दुसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. जुन्या दरपत्रकावर भाव सांगितला तर पक्कं बिल मागा.

थार_धुळे
मॅक्सिस बिगहॉर्न, योकोहामा जिओलँडर एम/टी आणि बीएफगुडरिच केएम३, या तिघांत स्वस्तात कुठला?

सातपुडा_फोरबायफोर
तिन्ही खरे मड पॅटर्न आहेत. तुमच्या साइजमध्ये ज्याची तारीख ताजी आणि ज्याचा पाचवा टायर सहा महिन्यांनीही मिळेल, तो घ्या. घाटात एक साइडवॉल फाटली आणि तोच पॅटर्न मिळेना झाला, तर चार टायरचा संच तीन टायरचा होतो.

एलटी (लाइट ट्रक) लिहिलेला टायर बघा. लोड रेंज सी म्हणजे सहा प्लाय (सहा थरांची ताकद), डी म्हणजे आठ, ई म्हणजे दहा. दगडासाठी जास्त प्लाय बरं वाटतं, पण हलक्या गाडीला दहा प्लाय घेतला तर साइडवॉल वाकतच नाही. हवा उतरवूनही ठसा लांबत नाही आणि चिखलात उपयोग होत नाही. बोलेरो, थार, जिम्नीला सी पुरे. माल वाहणाऱ्या कॅम्परला डी. लोड इंडेक्स कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो. वेगाचं अक्षर बहुतेक मड टायरवर क्यू असतं, कमाल १६०, आपल्याला भरपूर.

काळीभोर_चोपडा
हवेचं कुणी बोललं नाही. चिखलात निम्मं काम हवा करते. रुंद टायर घेऊन जेवढा ठसा वाढतो त्याहून जास्त हवा उतरवून वाढतो, आणि तो लांबीत वाढतो, म्हणजे जास्त ठोकळे जमिनीत राहतात.

डांबरावर पुस्तिकेतली हवा, समजा ३२ पीएसआय. पाणंदीत शिरण्याआधी २० ते २२. खोल काळीत १८. वाळूच्या पात्रात १५ ते १८. पंधराच्या खाली जाऊ नका, वळताना टायर डिस्कवरून सुटतो. हवा उतरवल्यावर ताशी ३० किमीच्या वर पळवायचं नाही, आणि डांबर लागल्यावर आधी हवा, मग वेग. पंप थेट बॅटरीला चिमट्यांनी लावायचा घ्या. लायटरच्या सॉकेटवरचा छोटा पंप चार टायर भरेपर्यंत फ्यूज उडवतो. भरताना इंजिन चालू ठेवा.

हवा सकाळी, टायर गार असताना मोजा. उन्हाळ्यात चालून आल्यावर ४-५ ने वाढलेली दिसते, ती काढू नका. गार झाल्यावर कमी भरते आणि तसाच टायर पळवला तर कडा झिजतात.

चाकोरीत चालताना लक्षात ठेवा : पुढची चाकं चाकोरीने सरळ धरलेली असतात आणि स्टिअरिंग मात्र वळलेलं राहतं, कळत नाही. चाकोरी संपली की गाडी झटक्यात बांधावर जाते. अधूनमधून खिडकीतून चाक बघा. गती मेली तर स्टिअरिंग थोडं डावं-उजवं हलवा, खांद्यावरचे ठोकळे चाकोरीच्या भिंतीला धरतात. तरी पुढे जात नसेल तर लगेच थांबा. एक्सल टेकेपर्यंत चाक फिरवत राहिलं की मग ट्रॅक्टरशिवाय इलाज नाही.

रबरपारखी
भाऊ, हाई बरोबर शे. त्यात भर घालतो. हवा उतरवून काळीत चाललं की डिस्क आणि टायरच्या कडेमध्ये बारीक चिखल शिरतो. वाळल्यावर तिथून हवा हळूहळू जाते. पंक्चरवाल्याला खिळा सापडत नाही, तो उगाच ट्यूब टाकून देतो. ट्यूब नको. कडेला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील. टायर एका बाजूने सोडवून डिस्कची कड तारेच्या ब्रशने साफ करायची, गंज असेल तर घासून काढायचा, पुसून परत बसवायचा.

वेड्या बाभळीचे काटे आणि पऱ्हाटीची खुंटं हे आपल्याकडचे पंक्चर. काटा ठोकळ्यात मोडून राहतो आणि आठवड्याने आत पोचतो. शेतातून आल्यावर पाणी मारून ठोकळे बघून घ्या. ट्रेडमधलं भोक मशरूम पॅचने आतून बुजवा, दोरी तात्पुरती. साइडवॉलला इलाज नाही.

चिखलानंतर गाडी ६० ला थरथरली तर बॅलन्सिंगला पैसे घालण्याआधी डिस्कची आतली बाजू धुवा. तिथे वाळलेला किलोभर चिखल हेच बहुतेकदा कारण असतं.

केळीबाग_यावल
ठरवलं. २१५/७५ आर १५, मड टेरेन, लोड रेंज सी, जुन्या लोखंडी डिस्कवर, फक्त पावसाळ्याला. बाकी वेळ हायवे टायर. स्टेपनी कुठली ठेवू? आणि काढलेला संच विहिरीवरच्या खोलीत ठेवला तर?

टायरगणित
स्टेपनी पावसाळ्यात मड संचाची, पाचवा टायर. व्यास जुळला पाहिजे. पाचवा नवा परवडत नसेल तर त्याच व्यासाचा हायवे टायर ठेवा, पण तो लागलेला असेपर्यंत फोर बाय फोर फक्त चिखलात लावायची.

पहिल्या दिवशी बसवल्यावर ५० ते १०० किमीनंतर नट परत आवळून घ्या, आणि दर वेळी संच बदलल्यावर हेच. जुन्या डिस्कची भोकं अंडाकृती झाली असतील किंवा नट बसतो तो उतार घासला असेल तर ती डिस्क परत करा. पहिले २००-३०० किमी ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक नको, नव्या टायरवर साच्याचं तेलकट आवरण असतं.

फेरपालट मड टायरला ५,००० किमीला करा. ठोकळे पुढून उंच आणि मागून झिजलेले, करवतीसारखे होतात, आवाज त्यानेच वाढतो. साइडवॉलवर बाण असेल तर पुढचा-मागचा त्याच बाजूला बदलायचा, आडवा नाही. वर्षाला ३,००० च चालणार असतील तर दर हंगामात लावताना जागा बदला, म्हणजे वेगळी आठवण ठेवायला नको.

विहिरीवरची खोली नको. मोटर आणि स्टार्टरच्या ठिणगीने ओझोन तयार होतो, तो रबराला चिरा पाडतो. खताची पोती आणि डिझेलचा डबाही शेजारी नको. घरातल्या सावलीच्या खोलीत, धुऊन, वाळवून, डिस्कसकट आडवे एकावर एक रचा. हवा १५ पर्यंत उतरवलेली. प्रत्येकावर खडूने जागा लिहा : पुढचा डावा, पुढचा उजवा, मागचा डावा, मागचा उजवा. टायर चमकवायचं तेलकट पॉलिश लावू नका.

केळीबाग_यावल
खडूचं लक्षात ठेवतो. डिस्क बघायला बाजारात जातोय, रुंदीचा आकडा वाचून इथे टाकतो.

रबरपारखी
डिस्क जमिनीवर गोल फिरवून बघा, डगमगते का. आणि मधल्या भोकाचा व्यास तुमच्या हबवर घट्ट बसतो का, ते जुनी डिस्क सोबत नेऊन जुळवा. नटांची भोकं जुळली तरी मधलं भोक मोठं असेल तर चाक मध्यावर बसत नाही, आणि ती थरथर कुठल्याच बॅलन्सिंगने जात नाही.